पेढा आत जाईना

२ फेब्रुवारी २००१, सकाळी

वृषालीला स्थळ आलं. मुलगा डॉक्टर आहे, असं सोमाजीने सांगितलं तेव्हा छाती फुगली. (सोमाजी माझा मेहुणा. सोयरीक जुळवणं हा त्याचा धंदा नाही, पण दुसरा कुठला धंदाही नाही.) कसला डॉक्टर, असं विचारलं, तर म्हणाला, दातांचा. छाती थोडी खाली बसली.

मुलाचं नाव भरत. ओतूरला दवाखाना, घर मढचं. वडील रखमाजी, शेती, म्हशी, गावच्या डेअरीचे चेअरमन. त्यांची अट एकच: मुलीचं घर निर्व्यसनी पाहिजे. सोमाजीने मला न विचारता सांगून टाकलं, की आमचे दाजी गुरुजी माणूस आहेत, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाहीत.

यातला पहिला भाग खरा आहे. दुसऱ्याबद्दल थोडा तांत्रिक खुलासा.

मी मिशरी लावतो. लोक तिला व्यसनात धरतात, हे अज्ञान आहे. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजली आणि कुटली, की ती तंबाखू राहतच नाही, मंजन होते. बोटावर घेऊन दातांना घासायची, थुंकायची. इतर लोक दिवसातून एकदा दात घासतात, मी पाच-सहा वेळा. अख्ख्या अवसरी बुद्रुकमध्ये दातांची एवढी काळजी कोणी घेत नसेल. मग मिशरीचा वास जावा म्हणून सुगंधी सुपारीची पुडी. तिच्यावर कंपनीनेच ‘मुखशुद्धी’ असं छापलेलं असतं. म्हणजे एक मंजन आणि एक मुखशुद्धी. यात व्यसन कुठे आलं?

हे प्रयागला शांतपणे समजावलं. ती म्हणाली, मग पावण्यांसमोर बसून घासा की. या बाईला सत्तावीस वर्षांत प्रसंग ओळखता आला नाही.

संकल्प: मुलाकडचे येईपर्यंत दोन्ही कमी करायचं. बंद नाही. एकदम बंद केल्याने शरीराला धक्का बसतो.

११ फेब्रुवारी, दुपारी चार

पाहणी झाली.

सकाळपासून तयारीत होतो. आधी पेस्ट. मग मीठ. मग कडुनिंबाची काडी. परत पेस्ट. मग धीर यावा म्हणून थोडी मिशरी, आणि तिचा वास जावा म्हणून दोन पुड्या. एवढं केल्यावर आरशात पाहिलं. दातांचा रंग शाळेतल्या जुन्या कपाटासारखा. पॉलिश आलंय, रंग तोच आहे.

धोरण: तोंड उघडायचंच नाही. स्वागताला मान लववली. पोहे पुढे केले, तेव्हा हात हलवला. रखमाजींनी ऊस, पाऊस, बदल्या, सगळे विषय काढून पाहिले. मी प्रत्येकाला ‘हं’ एवढंच म्हटलं, फक्त वेगवेगळ्या सुरात. ते जाताना सोमाजीला म्हणाले, की गुरुजी लई गंभीर मानूस, असा मानूस पायजे. म्हणजे धोरण यशस्वी.

मुलगा चांगला आहे, पण नजर जरा विचित्र वाटली. मुलगी बघायला आलेला माणूस मुलीच्या बापाच्या जबड्याकडे काय बघतो? निघताना त्याने हळूच विचारलं, मामा, हल्ली तिखट सोसतं का? मी ओठांतल्या ओठांत सांगितलं, की मिरचीच संकरित यायला लागली आहे, कोणालाच सोसत नाही. त्याने मान डोलावली. पटलं असावं.

२० फेब्रुवारी

होकार आला. साखरपुडा १८ मार्चला आपल्या दारी, लग्न मे महिन्यात.

वृषाली भांडी घासताना गुणगुणत होती. बी.एस्सी. झाल्यापासून ही पोर घरात पाहुण्यासारखी वावरते, कोणी काही विचारलं तर उत्तर देते, एवढंच. आज गुणगुणत होती. मी अंगणात उभा राहून ऐकलं आणि डोळे पुसले.

हे लग्न झालंच पाहिजे. माझ्यामुळे यात तीळभर विघ्न येता कामा नये. मिशरी उद्यापासून बंद. उद्या महाशिवरात्र. चांगला दिवस.

२१ फेब्रुवारी

मिशरीशिवाय पोट साफ होत नाही, ही गोष्ट काल लक्षात घेतली नव्हती. तीनदा जाऊन आलो, व्यर्थ. शेवटी निव्वळ औषध म्हणून लावली.

उपासाला मिशरी चालते का, असं प्रयागला विचारलं. म्हणाली, उपासाला लबाडी चालती का ते आधी इचारा.

सणासुदीच्या दिवशी घरात असं बोलतात.

२७ फेब्रुवारी

ब्रशचं डोकं हल्ली फार मोठं करायला लागलेत. पेस्ट जास्त खपावी म्हणून असणार. पूर्वीचा ब्रश दाढेपर्यंत जायचा, हा पुढेच अडतो. मंचरला जाऊन लहान मुलांचा ब्रश आणला. दांडीवर ससा आहे. दुकानदाराने, नातू केवढा आहे, असं विचारलं. चार वर्षांचा, म्हणून सांगितलं. प्रयागने ससा पाहिला आणि म्हणाली, पोरीचं लगीन व्हायचंय, नातू आधीच आला का?

ससावाला ब्रश व्यवस्थित जातो. म्हणजे दोष ब्रशाचाच होता.

५ मार्च

दात पांढरे करण्याची मोहीम. लिंबू, मीठ आणि खायचा सोडा. तोंडात असा फेस आला, की अंगणातलं कुत्रं उठून लांब जाऊन बसलं. हिरड्यांतून रक्त. आतून गाल भाजल्यासारखे झालेत. पाणी प्यायलं तरी झोंबतं. रंगात फरक नाही. आग शांत व्हावी म्हणून सुपारी धरली. तिने बरं वाटतं.

सोमवारी मुलांचे दात तपासायचा नियम मी शाळेत केलेला आहे. आजही तपासले. मी तोंडावर रुमाल धरतो. पोरांना वाटतं, त्यांच्या तोंडाचा वास गुरुजींना सहन होत नाही, म्हणून ती घरून दोन-दोनदा घासून येतात. ग्रामस्वच्छता अभियानात आमच्या शाळेचं कौतुक झालं ते यामुळेच. शिक्षकाच्या वागण्याचा परिणाम होतो तो असा.

९ मार्च, होळी

प्रयागची पुरणपोळी बिघडली. सत्तावीस वर्षं मऊसूत पोळी करणारी बाई, आज घडी तोंडात जाईना. जाड केली होती. तसं सांगितलं. तिने पोळीची एकेरी घडी केली, अर्धी केली, पाव केली, शेवटी चिमटीत तुकडा धरून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “पोळी तीच हाय. तोंड आकसलंय तुमचं.”

वय झालं की माणूस सगळीकडूनच थोडा आकसतो. शरीरशास्त्र शिकवलेलं आहे मी.

१७ मार्च

उद्या साखरपुडा. घरात माणूस मावत नाही. वृषालीच्या हातावर मेंदी.

दुपारी सोमाजीने उद्याचा क्रम सांगितला. आधी मुलीची ओटी, मग अंगठ्या, मग व्याह्यांनी एकमेकांना पेढा भरवायचा. मी म्हटलं, हातात दिला तर? तो म्हणाला, “हातात काय देता दाजी, तोंडात घालायचा. त्याबिगर सोयरीक पक्की धरत न्हाईत. व्हिडिओवाल्याला तेवढंच जवळून घ्यायला सांगितलंय.”

मोरीत जाऊन आतून कडी लावली आणि सराव केला. उकडलेल्या बटाट्याचा पेढ्याएवढा गोळा. जाईना. चपटा केला. जाईना. उभा धरला. जाईना. कोमट मिठाच्या पाण्याचा शेक घेतला, परत प्रयत्न केला, निम्मा बटाटा मिशीला. प्रयागने दार वाजवून वाजवून उघडायला लावलं. पाहिलं. मग एका हाताने माझं डोकं धरलं आणि दुसऱ्याने जबडा खाली ओढला, बैलाला औषध पाजताना ओढतात तसा. कानामागून कळ आली. बटाटा बाहेरच.

ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता सोमाजीला सांगा, असं असं हाय म्हणून. मी म्हटलं, काय सांगू? का उघडत नाही, असं विचारतील. मग निर्व्यसनी घर कुठे राहिलं? मोडेल सगळं.

नवीन योजना: पेढा ओठांजवळ आला की मान खाली घालायची, दोन्ही हातांनी तो घ्यायचा आणि कपाळाला लावायचा. नम्रता दिसेल.

मन फार अस्वस्थ आहे. दोन पुड्या जास्त झाल्या.

१८ मार्च, संध्याकाळी

लिहवत नाही. तरी लिहितो.

अंगठ्यांपर्यंत सगळं ठीक झालं. ओटा, अंगण, शेजाऱ्यांची गच्ची, सगळीकडे माणसं. रखमाजी पेढा घेऊन उठले. मढच्या म्हशींच्या खव्याचा, घरी वळलेला पेढा. लाडवाएवढा. व्हिडिओवाल्याने माझ्या तोंडावर दिवा टाकला आणि म्हणाला, गुरुजी, आ करा.

मी मान खाली घातली, हात पुढे केले. रखमाजी हसून म्हणाले, हातात न्हाई पावणं, तोंडात. आणि माझी हनुवटी धरून वर केली.

मी जेवढा होता तेवढा आ केला.

पेढा दातांवर आपटला. त्यांनी जरा दाबला. माणूस शेतकरी, हाताला जोर. पेढ्याचा भुगा माझ्या कोटावर. कोणीतरी हसलं. त्यांनी दुसरा घेतला. तोही दातांवर. आता कोणी हसलं नाही. रखमाजींचा हात तसाच हवेत, बोटांना खवा लागलेला. एवढ्या माणसांत कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू आली.

त्यांनी विचारलं, “गुरुजी, आमचं काय चुकलं का?”

सांगायचं वाक्य तीन शब्दांचं होतं: तोंड उघडत नाही. पण त्यामागून दुसरं यावं लागलं असतं, आणि ते मला सांगता येण्यासारखं नव्हतं. समोर वृषाली पाटावर बसलेली. मी मान हलवली. हो, चुकलं.

काय चुकलं, विचारलं. मी म्हणालो, मानपान.

कोणाचा मान राहिला? समोर माझे चुलते भिकातात्या भिंतीला टेकून झोपले होते. त्यांच्याकडे बोट केलं. म्हटलं, आमच्या तात्यांना टोपी-टॉवेल मिळाला नाही. तात्यांना कोणीतरी हलवून उठवलं. स्वतःच्या अपमानाची बातमी त्यांना तेव्हाच कळली, आणि ते खरोखरच भडकले. म्हणाले, मला तरी सकाळपासून कायतरी खटकतंच व्हतं.

मढचे लोक जेवले, पण पाहुणे जेवतात तसे नाहीत. वृषाली आत गेली ती बाहेर आली नाही.

१९ मार्च

शांत डोक्याने विचार केला, तर कालची परिस्थिती मी कौशल्याने सांभाळली. तोंडाचा विषय कोणाच्याच डोक्यात आला नाही.

फक्त एक अडचण. आपल्याकडे रुसायचा हक्क मुलाकडच्यांचा. मुलीच्या बापाने कधी रुसायचं, हे कुठल्याच रिवाजात बसवलेलं नाही. टपरीवाला म्हणाला, गुरुजी, तालुक्यात पहिल्यांदाच पोरीचा बाप रुसला. कौतुकाने म्हणाला असावा. पुडी घेताना सुट्टे नव्हते, तर म्हणाला, राहू द्या, तुमचा मान.

प्रयाग दोन दिवस माझ्याशी बोलणार नाही, असं तिने शेजारणीमार्फत कळवलं.

२५ मार्च

रखमाजी आज समजूत काढायला आले. मढहून जीप करून, चार जाणती माणसं घेऊन. तात्यांना टोपी, टॉवेल, नारळ. तात्यांनी टोपी जागीच घालून पाहिली आणि म्हणाले, झालं, माझा राग गेला. एवढ्या लवकर जायला नको होता.

मग रखमाजींनी पिशवीतून पेढ्याचा पुडा काढला. म्हणाले, आता तोंड गोड करा गुरुजी, म्हणजे आमच्या जिवाला बरं वाटंल.

सगळे बघतायत. मी म्हणालो, मला साखर झाली आहे. डॉक्टरने गोड बंद केलंय.

चांगलं कारण होतं. कोणालाही पटलं असतं. पण त्या जाणत्यांतला एक फारच जाणता निघाला. कवापासून? तुमच्या वडलांना व्हती का? आजाला? पोरीची तपासली का? मी प्रत्येकाला काहीतरी उत्तर देत गेलो. आता आठवत नाही काय दिलं, पण उत्तरांतून आमच्या घराण्यात तीन पिढ्यांची साखर निघाली.

रखमाजींनी पुडा परत पिशवीत घातला. चहा अर्धा ठेवून उठले.

२६ मार्च, पाडवा

गुढी उभारली. कडुनिंबाचा पाला वाटून दिला, तेवढा मात्र सहज आत गेला. नवीन वर्षाचा संकल्प लिहायला घेतला होता. राहू दे.

२८ मार्च

सोमाजी मढला जाऊन आला. निरोप वाईट. रखमाजी म्हणतात, साखर असू द्या, आमच्याकडंबी हाय. पोरगी आमाला पसंत हाय. पण बापाच्या मनात नसताना कुणाची लेक आणायची न्हाई. चारचौघांत माझा हात माघारी लावला. तारीख धरू नका.

सोमाजी जाताना पायऱ्यांवर थांबून म्हणाला, दाजी, तुमी घर बांधलं असतं ना, तर दार सुद्धा ठेवलं नसतं.

दुपारी वृषाली माझ्या समोर येऊन बसली. साखरपुड्यानंतर पहिल्यांदाच. मेंदी फिकी झाली आहे. म्हणाली, “अण्णा, तुम्हाला हे लग्न नको आहे का? नको असेल तर स्पष्ट सांगा. मी त्यांना तसं कळवते.”

तोंडात नुकतीच भरलेली पुडी होती. थुंकायला उठलो असतो तर तिला दिसलं असतं. मी मान हलवली. कुठल्या बाजूने हलवली ते मलाही आठवत नाही. तिला जे दिसलं त्याने ती उठून गेली.

डबी घेऊन मागच्या दारी बसलो. उघडताना ती सांडली. अर्धी मिशरी मातीत.

२ एप्रिल

किरकोळ रजा टाकली आणि ओतूरला गेलो. घरी सांगितलं, पंचायत समितीत काम आहे.

दवाखान्यात शिरायच्या आधी ठरवून पुडी खाल्ली नाही. स्टँडवर जी खाल्ली ती घाबरल्यामुळे. आत भिंतीवर तोंडांचे फोटो. एकेक तोंड असं, की शेजारची बाई पोराचे डोळे झाकत होती. त्यातलं एक माझ्या ओळखीचं वाटलं.

भरतने मला पाहिलं आणि बाकीच्या पेशंटना थांबायला सांगितलं. खुर्चीवर बसवलं. मी म्हटलं, मी पेशंट म्हणून आलेलो नाही, व्याही म्हणून, म्हणजे सासरा म्हणून आलोय, थोडा गैरसमज झालेला आहे. तो म्हणाला, हो मामा, बोटं घाला. तीन बोटं उभी धरून दातांच्या मध्ये घालायची. निरोगी माणसाची तिन्ही जातात म्हणे. माझं एक गेलं. दुसरं नखापर्यंत.

लहानपणापासूनच माझं तोंड लहान आहे, असं सांगितलं. त्याने आत दिवा घातला आणि दोन्ही गाल आतून तपासले. मग म्हणाला, “सुपारीने झालंय हे. आणि डाव्या गालात आत पांढरा चट्टा आहे. तो मला आवडलेला नाही. पुण्याला नेऊन तुकडा काढून तपासायला लागेल. लवकर.”

मी विचारलं, लग्नाचं काय?

तो हसला. म्हणाला, मामा, मी तुम्हाला पाहिलं त्याच दिवशी ओळखलं होतं. मोडायचं असतं तर मी तेव्हाच मोडलं असतं. लग्न मला वृषालीशी करायचंय, तुमच्या दातांशी नाही. “पण आमचे वडील हटून बसलेत. पेढ्याचं काही नाही हो, त्यांना वाटतंय तुम्ही त्यांना कमी लेखलंत. तेव्हापासून डेअरीवर जाऊन बसत नाहीत. हे मी सांगून भागणार नाही. तुम्ही जाऊन सांगा, का झालं ते.”

ठीक आहे, म्हटलं. येत्या रविवारी सांगतो. सगळं खरं सांगतो.

परतीच्या एसटीत खिडकीपाशी बसलो. सबंध रस्ता जिभेने डावा गाल चाचपत होतो.

८ एप्रिल

मढला गेलो. भाषण पाठ केलं होतं. सुरुवात, दिलगिरी, कारण, समारोप. पंधरा ऑगस्टला करतो तसं.

रखमाजी गोठ्यात होते. या म्हणाले, पण पूर्वीसारखं पावणं म्हटलं नाहीत. ओट्यावर बसलो. मी सुरुवात केली, की माझ्या तोंडाची ठेवण जन्मतःच अशी आहे. ते ऐकत होते. मग मी एका अपघाताचा उल्लेख केला, सायकलवरून पडल्याचा. तो भाषणात नव्हता, आपोआप आला. ते ऐकतच होते. चहाबरोबर खारी आली. मी खारी चहात बुडवली, मोडली, तुकडा चिमटीने आत सारला, अर्धा खाली पडला. दुसऱ्यांदा तेच. मी तोंड आडवं करून, वाकडं करून पाहिलं. आणि मान वर केली, तर ते माझ्याकडे बघत होते.

मग भाषण संपलं. मी म्हटलं, बघा. आणि त्यांच्यासमोर आ केला.

ते उठले. म्हणाले, उजेडाकडं करा. माझी हनुवटी धरून इकडे वळवली, तिकडे वळवली. आत वाकून पाहिलं. मग माझ्याशेजारी ओट्यावर बसले.

“म्हैस घेताना आमी पयलं दात बघतो, गुरुजी. तुमच्या दारात आलो तवा पोरीकडंच बघत बसलो.”

हसले ते. मलाही हसू आलं, पण तेवढं तोंड उघडेना. मग त्यांनी विचारलं, दुखतं का? नाही म्हणालो.

दुखतं.

ते म्हणाले, येवढंच व्हतं तर त्याच दिवशी सांगायचं. म्या किती रात झोपलो न्हाई. घरात म्हनायचो, आपुन घाटाकडची मान्सं, त्यास्नी आपला हात बी नको वाटला. मला वर बघता येईना. काय खाता, विचारलं. सुपारी होती, सोडली, असं सांगितलं. मिशरी त्यात घेतली नाही. विचारणारा ‘खाता’ म्हणाला होता.

तारीख ठरली. ६ मे.

२२ एप्रिल

भरतने व्यायाम दिलाय. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दाढांच्या मध्ये धरायच्या, आणि रोज एखादी वाढवायची. सकाळी ओट्यावर काड्या धरून बसतो, तर येणारे-जाणारे विचारतात, गुरुजी, कसलं व्रत? बोलता येत नाही म्हणून हात जोडतो. दोघी-तिघींनी पाया पडून घेतलं.

सुपारी बंद. अगदी बंद. म्हणजे घरात बंद.

मिशरी फक्त सकाळी. संध्याकाळची धरायची नाही, ती सकाळचीच राहिलेली असते.

वृषालीने काल विचारलं, अण्णा, खरंच सोडलं ना? मी म्हटलं, तुझी शपथ. शपथ घेतल्यावर जरा जास्तच वाईट वाटलं. मागच्या दारी जाऊन बसलो.

६ मे, संध्याकाळी

जीप गेली. मांडवात खुर्च्या एकात एक घालतायत. प्रयाग आत झोपली आहे, किंवा तसं दाखवते आहे.

लग्न वेळेवर लागलं. व्याहीभेटीला रखमाजींनी कडकडून मिठी मारली. मी श्वास धरून ठेवला होता, तो सुटेपर्यंत त्यांनी सोडलं नाही. त्यांनी तोंड फिरवलं नाही. नाक त्यांना असेलच की.

जेवायच्या वेळी मी ठरवलं होतं, की वाढप्यांवर देखरेख करत फिरायचं, म्हणजे बसायला नको. रखमाजींनी हात धरून शेजारी बसवलं. व्याह्यांची पंगत, समोर सगळा गाव. त्या साखरपुड्यापासून गावाला एकच बघायचंय, गुरुजी खातो की नाही. पानात जिलबी, मसालेभात, मठ्ठा. मी जिलबीकडे बघत बसलो. बाजूची माणसंही माझ्या जिलबीकडे बघत बसली.

रखमाजींनी मला विचारलं नाही. माझ्या पानातली जिलबी उचलली, मोडली, वाटाण्याएवढे तुकडे केले आणि परत ठेवली. मठ्ठ्यात भात कालवून पातळ करून दिला. लहान लेकराला करतात तसं. आणि हे करताना समोरच्यांशी दुधाच्या फॅटचं मोठ्यांदा बोलत राहिले, की सगळ्यांनी त्यांच्याकडे बघावं.

मी जेवलो. पोटभर. भात तिखट होता, डोळ्यांना पाणी आलं.

पाठवणीच्या वेळी वृषाली आईच्या गळ्यात पडून रडली, आत्यांच्या गळ्यात पडून रडली. माझ्यापाशी आली तेव्हा रडायची थांबली. म्हणाली, अण्णा, पुण्याला तपासायला कधी जाताय? मी म्हटलं, पाहुणे गेले की. शाळा उघडली की. पेरण्या झाल्या की. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी होतं बहुतेक. तिने शालूच्या पदराने ते पुसलं. नवा शालू.

मग वळून रखमाजींना म्हणाली, “मामा, यांना तुम्ही घेऊन जाल का?”

सुनेने सासऱ्याकडे मागितलेली पहिली गोष्ट. ते म्हणाले, मंगळवारी येतो.

व्याही स्वतः जीप घेऊन दारात येणार. पुण्यापर्यंत सोबत बसणार, दवाखान्यात थांबणार. मुलीच्या बापाला एवढा मान आमच्या तालुक्यात आजवर कोणाला मिळाला नसेल.

मंगळवारी नाही म्हणायला कारण शोधतोय. दुपारपासून शोधतोय. सुचत नाही.